फ्लटर शिकताना नमुना प्रोग्रॅम कसे मोडावेत

फ्लटर म्हणजे डार्ट या भाषेत लिहून मोबाइल ॲप बनवायचं साधन. त्यात ‘फ्लटर क्रिएट’ ही कमांड दिली की एक चालतं ॲप हातात येतं. मधोमध एक आकडा, खालच्या कोपऱ्यात अधिकचं चिन्ह असलेलं बटण, बटण दाबलं की आकडा एकने वाढतो. बरेच जण ते चारदा दाबून बघतात, मेन.डार्ट फाइलमधलं सगळं पुसतात आणि कुठून तरी आणलेला लॉगिन स्क्रीनचा कोड तिथे चिकटवतात. मला हे मनापासून खटकतं. फ्लटरमध्ये पुढे ज्या गोष्टींवर माणसं अडतात, त्यांतल्या निम्म्या त्या आकडा वाढवणाऱ्या नमुन्यात, म्हणजे काउंटरमध्येच आहेत. फक्त तो चालवून त्या दिसत नाहीत. तो मुद्दाम मोडावा लागतो.

मोडायची रीत एकच. एका वेळी एकच बदल करायचा. फाइल सेव्ह करण्याआधी काय होईल ते कागदावर एका ओळीत लिहायचं, मग सेव्ह करायचं. अंदाज चुकला की थांबायचं आणि तो का चुकला ते शोधायचं. अंदाज बरोबर आला तर त्या नमुन्यातला तो भाग तुम्हाला येतो, पुढे चला. (कोडमधली नावं इथे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना इंग्रजी स्पेलिंगमधल्या लहान-मोठ्या अक्षरांकडे लक्ष असू द्या, डार्टला त्यांचा फरक पडतो.)

आधी तयारी. ‘फ्लटर डॉक्टर’ चालवा आणि अँड्रॉइडच्या ओळीसमोर हिरवी खूण येईपर्यंत पुढे जाऊ नका. तिथे हमखास दोन गोष्टी अडतात. एक म्हणजे कमांड-लाइन टूल्स बसवलेली नसतात. ती अँड्रॉइड स्टुडिओच्या एसडीके मॅनेजरमधून घ्यायची. दुसरी म्हणजे लायसन्स मान्य केलेली नसतात. त्यासाठी ‘फ्लटर डॉक्टर’ला ‘अँड्रॉइड-लायसन्सेस’ हा पर्याय जोडून चालवायचं. फोन जोडायचा असेल तर सेटिंग्जमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप करा, डेव्हलपर ऑप्शन्स उघडतील, त्यात यूएसबी डीबगिंग चालू करा. तरीही ‘फ्लटर डिव्हाइसेस’च्या यादीत फोन दिसत नसेल तर आधी केबल बदला, नुसतं चार्जिंग करणाऱ्या केबलमधून डेटा जात नाही. पहिलं बिल्ड बराच वेळ घेतं, कारण ग्रेडल (अँड्रॉइड ॲप बांधणारं साधन) सगळ्या लायब्ररी उतरवत असतो. ते मध्येच बंद करू नका.

आता काउंटर. पहिला प्रयोग: बटणाच्या फंक्शनमधलं ‘सेटस्टेट’ काढा, आतली आकडा वाढवणारी ओळ तेवढी ठेवा. सेव्ह करा, बटण पाच वेळा दाबा. आकडा हलत नाही. आता वरच्या पट्टीच्या शीर्षकातलं एखादं अक्षर बदला आणि पुन्हा सेव्ह करा. आकडा एकदम पाचने पुढे जातो. व्हेरिएबल पहिल्यापासून वाढत होतं. स्क्रीन पुन्हा काढा असं फ्लटरला कोणी सांगितलं नव्हतं. सेव्ह केल्यावर चालत्या ॲपमध्ये नवा कोड घालणाऱ्या हॉट रीलोडने सगळ्या विजेटांचं (स्क्रीनच्या घटकांचं) ‘बिल्ड’, म्हणजे ते काढणारं फंक्शन, पुन्हा चालवलं आणि साठलेला आकडा दिसला. ‘सेटस्टेट’ व्हॅल्यू बदलत नाही, ते ‘या विजेटचं बिल्ड पुन्हा चालव’ एवढाच निरोप देतं. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की पुढे ‘डेटा आला पण स्क्रीन बदलत नाही’ या तक्रारीचं मूळ कुठे शोधायचं ते कळतं.

दुसरा प्रयोग: ‘सेटस्टेट’ परत आणा आणि काउंटरचं व्हेरिएबल ‘बिल्ड’च्या आत हलवा. आकडा वाढवणारी ओळही बटणाच्या ‘ऑनप्रेस्ड’मध्येच लिहावी लागेल, नाहीतर व्हेरिएबल सापडत नाही अशी एरर येईल. आता आकडा कायम शून्य. प्रत्येक ‘बिल्ड’ला व्हेरिएबल नव्याने जन्माला येतं. ‘बिल्ड’ कधीही, कितीही वेळा चालू शकतं, म्हणून टिकवायची कोणतीही गोष्ट तिथे ठेवायची नाही. हा नियम नेटवर्कच्या नमुन्यात पुन्हा भेटेल.

तिसरा प्रयोग हॉट रीलोडच्या मर्यादेचा. व्हेरिएबल जागेवर ठेवा आणि सुरुवातीची किंमत 0 ऐवजी 10 करा. सेव्ह केल्यावर काहीच बदलत नाही. टर्मिनलमध्ये मोठा ‘आर’ दाबून हॉट रीस्टार्ट करा, तेव्हा 10 दिसतात. रीलोडमध्ये स्टेट ऑब्जेक्ट (विजेटची टिकणारी माहिती ठेवणारा भाग) जुनाच राहतो. ‘मेन’, ‘इनिटस्टेट’ (स्टेट तयार होताना एकदाच चालणारं फंक्शन), ग्लोबल आणि स्टॅटिक व्हेरिएबलांच्या सुरुवातीच्या किमती यांतलं काहीच पुन्हा चालत नाही. रीलोडने बदल दिसला नाही म्हणून बरोबर असलेला कोड उलटसुलट करणारी माणसं कमी नाहीत. बदल या चार जागांपैकी एका जागी असेल तर थेट रीस्टार्ट करा.

याच अवस्थेत ‘फ्लटर टेस्ट’ चालवून पाहा. टेस्ट फोल्डरमधली तयार चाचणी पडते, कारण तिला स्क्रीनवर आधी 0 आणि बटण दाबल्यावर 1 हवा असतो. ती चाचणी वीसेक ओळींची आहे, जरूर वाचा. बटण दाबल्यानंतर तिच्यात ‘पंप’ बोलावलेलं दिसेल. ती ओळ काढली तर, आकडा 10 असो वा 0, चाचणी पडणारच, कारण चाचणीत पुढची फ्रेम आपोआप काढली जात नाही.

काउंटरला दोन-तीन तास द्यावेत. त्यानंतर लेआउट.

लेआउटच्या नमुन्यांसाठी मशीनवर काही बसवायचीही गरज नाही, डार्टपॅड ब्राउझरमध्ये चालतो. आणि फ्लटरच्या एपीआय दस्तऐवजांत अनेक विजेटांच्या पानावर चालणारा नमुना असतो. त्याच्या खाली त्याचा आयडी दिलेला असतो. ‘फ्लटर क्रिएट’ला ‘सॅम्पल’ पर्यायात तो आयडी दिला की त्याच कोडचा स्वतंत्र प्रोजेक्ट तयार होतो. ही सोय फार कमी लोक वापरतात. मला ती सगळ्यात उपयोगाची वाटते, कारण तो नमुना एकाच विजेटबद्दल असतो, शंभरेक ओळींत संपतो आणि चालू आवृत्तीशी जुळलेला असतो.

लेआउटमध्ये एकच गोष्ट मुरवायची आहे: मापाची मर्यादा वरून खाली येते, माप खालून वर जातं, आणि कुठे बसायचं ते पालक विजेट ठरवतं. वाक्य पाठ करून भागत नाही. ‘रनॲप’ला थेट एक लाल ‘कंटेनर’ द्या, रुंदी 100, उंची 100. तो पूर्ण स्क्रीन लाल करतो. तुम्ही दिलेलं 100 वाया गेलं, कारण स्क्रीनने ‘एवढंच माप, कमी नाही, जास्त नाही’ अशी मर्यादा दिली होती. आता त्याला ‘सेंटर’मध्ये गुंडाळा. ‘सेंटर’ स्वतः स्क्रीनभर होतो आणि मुलाला म्हणतो, ‘शून्यापासून माझ्या मापापर्यंत हवं ते घे’. चौकोन लगेच 100 चा होतो.

मग ‘रो’मध्ये एक आयकॉन आणि एक लांबलचक ‘टेक्स्ट’ ठेवा. उजव्या कडेला पिवळे-काळे पट्टे येतील आणि कन्सोलमध्ये ‘रेंडरफ्लेक्स ओव्हरफ्लोड’ म्हणून किती पिक्सेल बाहेर गेले तेही येईल. ‘रो’ने टेक्स्टला आडवी मर्यादाच दिली नाही, त्यामुळे त्याला ओळ मोडायचं कारण नव्हतं. ‘टेक्स्ट’ला ‘एक्सपांडेड’मध्ये घाला: आधी आयकॉनचं माप घेतलं जातं, उरलेली जागा टेक्स्टला मिळते, ओळ मोडते. तोच ‘एक्सपांडेड’ मुद्दाम ‘सेंटर’च्या आत ठेवा. ‘इनकरेक्ट यूज ऑफ पेरेंटडेटाविजेट’ ही एरर येईल, कारण ‘एक्सपांडेड’ला ‘रो’, ‘कॉलम’ किंवा ‘फ्लेक्स’च्या खालीच अर्थ आहे.

सगळ्यांना छळणारी जोडी म्हणजे ‘कॉलम’च्या आत ‘लिस्टव्ह्यू’. ‘व्हर्टिकल व्ह्यूपोर्ट वॉज गिव्हन अनबाउंडेड हाइट’ ही एरर इथली. ‘कॉलम’ मुलांना उभी मर्यादा देत नाही, ‘लिस्टव्ह्यू’ला मिळेल तेवढी उंची हवी असते, दोन्ही मिळून उंची अनंत. इंटरनेटवर याचं उत्तर म्हणून ‘श्रिंकरॅप’ चालू करा असं जागोजागी सांगितलेलं सापडतं. एरर जाते, पण यादीला आपली उंची कळण्यासाठी सगळ्या ओळी मोजाव्या लागतात. दहा ओळींना चालेल. हजार ओळींना स्क्रीन उघडतानाच अडखळते. ‘लिस्टव्ह्यू’ला ‘एक्सपांडेड’मध्ये ठेवणं हेच बहुतेक वेळा बरोबर.

फरक पाहायचा असेल तर ‘लिस्टव्ह्यू.बिल्डर’मध्ये ‘आयटमकाउंट’ 1000 ठेवा आणि ‘आयटमबिल्डर’मध्ये ओळीचा क्रमांक ‘प्रिंट’ करा. ‘एक्सपांडेड’मध्ये असताना स्क्रीनवर मावतात तेवढे आणि खालच्या 250 पिक्सेलच्या पट्ट्यातले, एवढेच क्रमांक छापले जातात. ‘श्रिंकरॅप’ लावून ‘एक्सपांडेड’ काढा, मग कन्सोल बघा.

यादीच्याच नमुन्यात ‘की’ समजून घ्या. ‘कॉलम’मध्ये तीन ओळी ठेवा, प्रत्येक ओळ म्हणजे एक स्टेटफुल विजेट, त्यात नाव आणि टिकमार्क, टिकमार्कची स्थिती त्या विजेटच्या स्टेटमध्ये. पहिल्या ओळीवर टिक करा आणि यादीतून पहिलं नाव काढून टाका. नाव जातं, टिक मात्र मागे राहते आणि आता दुसऱ्याच नावापुढे दिसते. फ्लटर जुनं आणि नवं विजेट जागेनुसार आणि प्रकारानुसार जुळवतं. पहिल्या जागी त्याच प्रकारचं विजेट दिसलं की तोच स्टेट वापरतं. प्रत्येक ओळीला तिच्या आयडीची ‘व्हॅल्यूकी’ द्या, टिक आपल्या नावाबरोबर जाईल. इथे एक खाच आहे: ‘लिस्टव्ह्यू.बिल्डर’मध्ये नुसती की पुरत नाही, ओळ हलली तर तिचा स्टेट पुसला जातो, त्यासाठी ‘फाइंडचाइल्डइंडेक्सकॉलबॅक’ही द्यावा लागतो. माझं मत विचाराल तर टिकमार्क विजेटच्या स्टेटमध्ये ठेवूच नका, तो डेटाच्या ऑब्जेक्टमध्ये ठेवा. प्रयोग मात्र करा, कारण हा दोष स्वतः घडवून पाहिल्याशिवाय दुसऱ्याच्या कोडमध्ये ओळखता येत नाही.

स्क्रीन बदलण्याचा नमुना लवकर होतो: ‘नेव्हिगेटर.पुश’, ‘पॉप’, आणि ‘पुश’वर ‘अवेट’ लावून परत आलेली किंमत घेणं. एकच चूक वारंवार होते. ज्या विजेटच्या ‘बिल्ड’मध्ये ‘मटीरियलॲप’ तयार होतं, त्याच ‘बिल्ड’चा ‘कॉन्टेक्स्ट’ वापरून ‘पुश’ केलं की ‘या कॉन्टेक्स्टमध्ये नेव्हिगेटर नाही’ अशी एरर येते. कॉन्टेक्स्ट म्हणजे एकात एक बसलेल्या विजेटांच्या झाडातली आपली जागा, आणि शोध त्या जागेपासून वर जातो. नेव्हिगेटर ‘मटीरियलॲप’च्या आत, म्हणजे त्या जागेच्या खाली असतो. बटण वेगळ्या विजेटमध्ये काढा, प्रश्न सुटतो.

आता नेटवर्क. फ्लटरच्या अधिकृत कुकबुकमधला नमुना ‘एचटीटीपी’ पॅकेज वापरून एका चाचणी सर्व्हरवरून अल्बमचं शीर्षक आणतो. छोटा आहे, तरी त्यात पाच जागा मोडण्यासारख्या आहेत.

नमुन्यात विनंती ‘इनिटस्टेट’मध्ये सुरू होते आणि मिळालेला फ्यूचर (पुढे येणाऱ्या उत्तराची जणू पावती) व्हेरिएबलमध्ये ठेवला जातो. तो काढून फंक्शनची हाक थेट ‘फ्यूचरबिल्डर’च्या ‘फ्यूचर’मध्ये लिहा. फंक्शनच्या पहिल्या ओळीत ‘प्रिंट’ टाका, आणि स्क्रीनवर नुसतं ‘सेटस्टेट’ करणारं एक बटण ठेवा. बटण जितक्या वेळा दाबाल तितक्या विनंत्या जातात. याहून वाईट म्हणजे स्क्रीनवर काहीच वावगं दिसत नाही: ‘फ्यूचरबिल्डर’ नवा फ्यूचर मिळाला तरी जुना डेटा हातात ठेवतो, आणि नमुना फक्त ‘हॅजडेटा’ बघतो, त्यामुळे फिरतं चक्रसुद्धा येत नाही. ‘प्रिंट’ नसता तर सर्व्हरच्या लॉगमध्येच हे कळलं असतं.

पत्त्यातला 1 काढून 9999 करा. सर्व्हर 404 देतो. ‘एचटीटीपी’ पॅकेज 404 ला एरर मानत नाही, उत्तर नेहमीसारखंच परत देतं; नमुन्यातली स्टेटस कोड 200 आहे का ही तपासणी अपवाद फेकते म्हणून संदेश दिसतो. ती तपासणी काढा आणि गोंधळ कुठे बाहेर येतो ते बघा: जेसन (सर्व्हरने पाठवलेला डेटा) वाचताना, भलत्याच ओळीवर. मग फोन विमान मोडवर टाका. आता मात्र पॅकेज स्वतः अपवाद फेकतं. दोन्ही अपयशं वेगळी आहेत आणि वापरणाऱ्याला वेगळ्या शब्दांत सांगायला हवीत.

चौथी जागा: विनंतीच्या आधी ‘फ्यूचर.डिलेड’ने पाच सेकंदांचा उशीर घाला, उत्तर आल्यावर ‘सेटस्टेट’ करा, आणि हा स्क्रीन ‘पुश’ने उघडून दोन सेकंदांत मागे या. ‘सेटस्टेट कॉल्ड आफ्टर डिस्पोज’. स्क्रीन गेला, विनंती चालूच राहिली. ‘अवेट’नंतर लगेच ‘माउंटेड’ नसेल, म्हणजे विजेट झाडात उरलं नसेल, तर परत फिरायची ओळ लिहायची. ‘अवेट’नंतर कॉन्टेक्स्ट वापरायचा असेल तरी हीच तपासणी लागते.

पाचवी जागा कोडमध्ये नाही, म्हणूनच ती शेवटपर्यंत सापडत नाही. नमुना डीबगमध्ये छान चालतो. रिलीज बिल्ड फोनवर टाकलं की सर्व्हर सापडत नाही. अँड्रॉइड फोल्डरमध्ये तीन मॅनिफेस्ट फाइली (ॲपच्या परवानग्या सांगणाऱ्या) असतात: डीबग, प्रोफाइल आणि मेन. इंटरनेटची परवानगी फ्लटरने डीबग आणि प्रोफाइलमध्ये स्वतःच लिहिलेली असते, कारण हॉट रीलोडला ती लागते. मेनमध्ये ती नसते आणि रिलीज फक्त मेन वाचतं. ती ओळ मेन मॅनिफेस्टमध्ये, ‘ॲप्लिकेशन’ टॅगच्या बाहेर लिहा. स्वतःच्या मशीनवरच्या सर्व्हरशी बोलायचं असेल तर अँड्रॉइड इम्युलेटरमधून ‘लोकलहोस्ट’ म्हणजे तो इम्युलेटरच. मशीनसाठी पत्ता 10.0.2.2. खऱ्या फोनवर ‘एडीबी रिव्हर्स’ने पोर्ट जोडता येतो.

पॅकेज जोडताना पबस्पेक.यॅमलमध्ये (प्रोजेक्टची पॅकेजं आणि चित्रं नोंदवायची फाइल) दोन स्पेसचं इंडेंटेशन, टॅब चालत नाही. चित्रं न दिसण्याचं कारणही इथेच असतं: ‘ॲसेट्स’ ही ओळ फाइलच्या खालच्या भागातल्या ‘फ्लटर’च्या आत यायला हवी, ‘डिपेंडन्सीज’मधल्या नव्हे. आणि फोनच्या सोयी वापरणारं पॅकेज, उदाहरणार्थ शेअर्ड प्रेफरन्सेस, चालत्या ॲपमध्ये जोडलं तर ‘मिसिंगप्लगइनएक्सेप्शन’सारखी एरर येते. रीस्टार्टनेही जात नाही, कारण अँड्रॉइड किंवा आयओएसचा भाग नव्याने बिल्ड झालेला नसतो. ॲप पूर्ण बंद करून ‘फ्लटर रन’ पुन्हा द्या.

जुने नमुने हा स्वतंत्र त्रास आहे. फ्लटर 1.0 डिसेंबर 2018 मध्ये आलं, आणि तेव्हापासूनचे नमुने इंटरनेटवर पडून आहेत. कोडवर नजर टाकूनच वय कळतं. जागोजागी ‘न्यू’ लिहिलेलं असेल तर फार जुना. ‘रेझ्डबटन’ किंवा ‘फ्लॅटबटन’ असेल तर 2021 च्या आधीच्या सवयीचा. ती विजेटं आता नाहीतच, ‘एलिव्हेटेडबटन’ आणि ‘टेक्स्टबटन’ घ्या. नल सेफ्टी (रिकामी किंमत चुकून वापरली जाऊ नये यासाठीचे डार्टचे नियम) मार्च 2021 मध्ये आली आणि मे 2023 च्या डार्ट 3 पासून ती सक्तीची आहे. तिच्याशिवायचा नमुना आज बिल्डच होत नाही. ‘विलपॉपस्कोप’ दिसलं तर ‘पॉपस्कोप’ वाचा. आणि कोड तोच असून तुमच्याकडे बटणांचे रंग-आकार वेगळे दिसत असतील तर कारण साधं आहे: नोव्हेंबर 2023 च्या 3.16 पासून मटीरियल 3 ही गूगलची डिझाइनची शैली आपोआप लागू होते.

डार्टचा कोड दुरुस्त करणं सोपं असतं. ‘डार्ट फिक्स’ आधी ‘ड्राय-रन’ने चालवा, काय बदलेल ते वाचा, मग ‘अप्लाय’. खरा वेळ खातं ते अँड्रॉइड फोल्डर. ‘अनसपोर्टेड क्लास फाइल मेजर व्हर्जन 65’ म्हणजे जावा 21 आहे आणि नमुन्यातला ग्रेडल त्याहून जुना. 61 म्हणजे जावा 17. या आवृत्त्या एकेक करून वाढवत बसू नका. अँड्रॉइड फोल्डरची प्रत बाजूला ठेवा, मूळ फोल्डर काढून टाका आणि प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये ‘फ्लटर क्रिएट’पुढे एक टिंब देऊन चालवा, नवं कोरं अँड्रॉइड फोल्डर तयार होतं. मग जुन्या प्रतीतल्या मेन मॅनिफेस्टमधून परवानग्या आणि एपीआयच्या किल्ल्या हाताने आणा. फोल्डरच्या नावात आडवी रेघ असेल तर कमांड नकार देईल, डार्टच्या पॅकेजनावात लहान अक्षरं, अंक आणि अंडरस्कोरच चालतात. ‘प्रोजेक्ट-नेम’ पर्यायात चालणारं नाव द्या. नाव बदललं की ‘पॅकेज’ने सुरू होणाऱ्या सगळ्या इम्पोर्ट ओळी तुटतात, हे ध्यानात ठेवा.

गिटहबवर फ्लटरचा अधिकृत नमुनेसंग्रह आहे. त्यातली मोठी ॲप्स पहिल्या महिन्यात उघडू नयेत असं मला वाटतं. तिथे थर, रूटिंग आणि स्टेट सांभाळणारी पॅकेजं एकत्र येतात, आणि त्यातली कोणती गोष्ट फ्लटरची आणि कोणती पॅकेजची हे नवख्याला वेगळं करता येत नाही. छोटे नमुने घ्या, आणि एखादा मोठा घेतलाच तर फक्त एक वाट धरा: बटण दाबल्यापासून आकडा स्क्रीनवर येईपर्यंत कोणकोणत्या फाइलींतून जावं लागतं तेवढंच कागदावर काढा.

ॲनिमेशनच्या नमुन्यांबद्दल एवढंच: डीबगमध्ये ती अडखळली तर कोडला दोष देऊ नका. डीबगमध्ये कोड चालता चालता कंपाइल होतो आणि तपासण्याही चालू असतात. वेग खऱ्या फोनवर ‘प्रोफाइल’मध्ये मोजायचा.

प्रत्येक नमुना संपला की ‘फ्लटर क्रिएट’ला ‘एम्प्टी’ पर्याय देऊन कोरा प्रोजेक्ट काढा आणि नमुना बंद ठेवून तोच स्क्रीन लिहा. अडाल तिथे नमुना उघडायचा, तेवढीच ओळ बघायची, पुन्हा बंद करायचा, आणि किती वेळा उघडला त्याच्या रेघा मारायच्या. काउंटरला दोनपेक्षा जास्त रेघा झाल्या तर दुसऱ्या दिवशी तोच पुन्हा लिहा. नेटवर्कच्या नमुन्याला पहिल्यांदा आठ-दहा होतात, त्याने बिचकू नका. त्यातल्या बहुतेक जेसनच्या वर्गावरच्या असतात, ‘फ्यूचरबिल्डर’वरच्या नाहीत.